व्हिडिओ गेमची घरगुती पेटी आणि गोव्याची ओल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की आमच्या वाड्यावरचे दोघे-तिघे तरुण दरवर्षी माझ्याकडे एक ठरलेली तक्रार घेऊन येतात. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मोठ्या हौसेने व्हिडिओ गेमची उभी पेटी, म्हणजे ते जिला आर्केड कॅबिनेट म्हणतात ती, घरी बांधलेली असते. मे महिन्यात ती झकास चालते आणि श्रावण सरेपर्यंत तिचे मागचे दार फुगून अडकू लागते, बटणे दाबली तरी लागत नाहीत, कडेची पट्टी सुटते आणि आतून कुबट वास येऊ लागतो. मी तांत्रिक शाळेत वीजतंत्री हा विषय शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे "सर, पंखा आणखी मोठा लावू का?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर सर्वांना एकदाच द्यावे आणि पुढची पेटी बांधायला घेण्याचा हंगाम समोर असतानाच द्यावे, या हेतूने आपल्या दैनिकात थोडी जागा मागत आहे.

माझे उत्तर असे की, पंखा मोठा लावू नये. गोव्यात या पेटीला उष्णतेपेक्षा ओल लवकर मारते, आणि कोरड्या हवेच्या मुलखातील नमुने पाहून आपण थंडाव्याची जी व्यवस्था उचलतो, ती आपल्याकडे ओलीलाच आवतण देते.

या पेट्यांचा आकार जिथून आला तिथे उष्णता हा खरोखरच मोठा प्रश्न होता. १९७८ साली टायटो या जपानी कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० साली नामको कंपनीचा 'पॅक-मॅन' आला, तेव्हा पेटीत काचेची जड पिक्चर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि चिपांनी गच्च भरलेले सर्किट बोर्ड असत. एकटी ट्यूबच शंभर वॅटच्या आसपास वीज खात असे. म्हापशातील एका पार्लरमध्ये अशा चार पेट्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या मला आठवतात. त्यांच्या मधल्या फटीत हात घातला तर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीशेजारी उभे राहिल्यासारखे वाटे. पेटीच्या पाठीवरच्या मोठमोठ्या जाळ्या त्या काळाच्या आहेत. आजच्या घरगुती पेटीत काय असते? एक सपाट एलईडी मॉनिटर, जो वीस-पंचवीस वॅट घेतो. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, जो दहा वॅटच्या आतच भागतो. एक छोटा ॲम्प्लिफायर आणि वरच्या नामपट्टीमागची एलईडीची माळ. जुन्या यंत्रांचे हुबेहूब सोंग आणणारे 'मेम' हे सॉफ्टवेअर १९९७ पासून उपलब्ध असल्यामुळे जुने बोर्ड शोधत हिंडण्याचीही गरज राहिलेली नाही. सगळे मिळून पन्नास वॅट होतात. घरातला जुना डेस्कटॉप संगणक आत कोंबला तर शंभर ते दीडशे.

आता थोडा हिशेब करणे भाग आहे, कारण हिशेबाशिवाय पंख्यांची संख्या ठरवणे म्हणजे मीठ न चाखता आमटी वाढणे होय. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला साधारण १२०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे पन्नास वॅटची पेटी आतून बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त तापू नये असे वाटत असेल, तर सेकंदाला चार-सव्वाचार लिटर हवा तिच्यातून जाणे पुरेसे आहे. दीडशे वॅटला साडेबारा लिटर लागतील. संगणकात असतो तसा १२० मिलिमीटरचा एक साधा पंखा मोकळ्यावर सेकंदाला वीस ते तीस लिटर हवा ढकलतो. जाळी आणि गाळणीमुळे ती निम्म्यावर आली तरी दीडशे वॅटच्या पेटीला एकच पंखा पुरून उरतो. पन्नास वॅटच्या पेटीला तर पंख्याशिवायही भागते. पाच-साडेपाच फूट उंचीची पेटी म्हणजे एक धुराडेच असते. तळाशी आणि माथ्याशी प्रत्येकी तळहाताएवढे, म्हणजे सुमारे शंभर चौरस सेंटिमीटरचे भोक ठेवले, तर गरम हवा आपल्या पायांनी वर जाते आणि गार हवा खालून येते. भोकावर डासांची जाळी बसवायची असेल, आणि ती बसवायलाच हवी, तर भोक दीडपट मोठे घ्यावे.

साखळी गावी राहणाऱ्या माझ्या भाच्याने पहिली पेटी बांधली तेव्हा तिच्या माथ्यावर चार पंखे लावले होते, चारही बाहेर हवा फेकणारे. पेटी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळ्यांची, होती. मे महिन्यात तो मला अभिमानाने आतले तापमान दाखवत असे: बाहेर ३३ अंश, आत ३४. मी त्याला शाबासकी दिली, याची मला आजही थोडी लाज वाटते. जूनमध्ये पाऊस लागला आणि तेच चार पंखे बाहेरची नव्वद टक्के आर्द्रतेची हवा दिवसाचे चार तास पेटीतून खेचत राहिले. पंखे बंद असतानाही माथ्यावरच्या चार उघड्या भोकांतून ओल आत शिरतच होती. नारळी पौर्णिमेपर्यंत एमडीएफची खालची कड बिस्किटासारखी फुगली होती.

इथे मुद्दा आहे तो सापेक्ष आर्द्रतेचा, आणि तो शाळेत आपण सगळेच शिकलेलो असतो. हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते, म्हणून तिच्यातील पाणी तेवढेच राहूनही ती कोरडी ठरते. आषाढातली २७ अंश तापमानाची आणि नव्वद टक्के आर्द्रतेची हवा पेटीत शिरून ३७ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता जवळजवळ पन्नास टक्क्यांवर येते. पन्नास टक्क्यांत बुरशी धरत नाही, तांब्या-पितळेवर हिरवा गंज चढत नाही आणि प्लायवूड फुगत नाही. याचाच अर्थ पावसाळ्यात पेटी आतून दहा अंश उबदार राहणे हे तिच्या दृष्टीने औषध आहे, आणि चार पंखे लावून आपण ते औषधच बाहेर फेकत असतो.

उन्हाळ्यात मात्र हीच ऊब जाचक होते. खोलीत ३४ अंश असताना आत ४४-४५ होतात, आणि त्यावर गेले की संगणकाची चिप अडचणीत येते. रास्पबेरी पाय ४ हा चिपचे तापमान ८० अंशांवर गेल्यावर स्वतःहून वेग कमी करू लागतो; खेळणाऱ्याला त्या वेळी एवढेच जाणवते की आवाज तुटतो आहे आणि उडी एक क्षण उशिरा पडते आहे, आणि तो बिचारा जॉयस्टिकला दोष देतो. चिपवर ॲल्युमिनियमचा खाचांचा तुकडा चिकटवला तर तिला बराच आधार मिळतो. वीजपुरवठ्यातील कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या दोन्ही ऋतूंना एकाच उपायाने सांभाळता येते, आणि तो उपाय चार पंख्यांपेक्षा स्वस्त आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात केएसडी ३०१ या क्रमांकाची नाण्याएवढी धातूची चकती मिळते. तिच्या आत दोन धातूंची पातळ पत्री असते, जी ठरावीक तापमानाला टक्कन वाकते आणि मंडल जोडते. ४५ अंशांना जुळणारी चकती मागून घ्यावी. त्याच आकाराची, उलट वागणारी, म्हणजे तापल्यावर तुटणारी चकतीही असते, ती नको. ही चकती पंख्याच्या तारेत मालिकेने जोडून पेटीच्या माथ्याजवळ, जिथे गरम हवा साठते तिथे, स्क्रूने बसवावी. पावसाळ्यात आतले तापमान ३७-३८ च्या वर जात नाही, म्हणून पंखा लागतच नाही आणि ऊब टिकते. मे महिन्यात तासभर खेळले की पंखा आपोआप लागतो. तिला स्वतःला वीज लागत नाही, प्रोग्राम लागत नाही आणि काही समजावून सांगावे लागत नाही. तरुणांना यात फारसा थरार वाटत नाही, त्यांना पडद्यावर तापमानाचे आकडे हवे असतात. ते आकडे खुशाल दाखवावेत, पण पंख्याचा लगाम या चकतीकडे ठेवावा.

पंखा कुठे लावावा याविषयी मतभेद आहेत आणि दोन्ही पक्षांत तथ्य आहे. माथ्यावरून हवा बाहेर फेकणारा पंखा उष्णतेच्या स्वाभाविक ओढीला साथ देतो. पण तो प्रत्येक फटीतून, बटणांच्या कडेने, नाण्याच्या खाचेतून धूळ आत ओढतो. खाली पाठीमागे, गाळणीतून हवा आत ढकलणारा पंखा लावला तर पेटीत किंचित दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेरच जात राहते. आमच्या डिचोलीकडच्या लाल धुळीचा अनुभव घेतलेला माणूस दुसराच पक्ष घेईल. गाळणीचा स्पंज महिन्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवून लावावा. मात्र पंखा जमिनीपासून वीतभर तरी वर असावा, कारण पावसात फरशीला घाम सुटतो, आणि लादी पुसणाऱ्या बाईंनी पेटीच्या पोटात पाणी जाऊ नये म्हणून हात आखडता घ्यावा अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

पंख्यालगत दुसरे भोक पाडणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. शोभेसाठी मध्येच एखादी जाळी बसवली जाते, आणि मग हवा पंख्यातून शिरून त्या जाळीतून लगेच बाहेर पडते; वरचा मॉनिटर आणि ॲम्प्लिफायर आपापल्या घामात तसेच बसून राहतात. हवा कोणत्या वाटेने जाते हे पाहायला देव्हाऱ्यातली उदबत्ती पुरते. मागचे दार लावून, पंखा चालू करून, पेटलेली उदबत्ती खालच्या भोकाशी धरावी आणि धूर माथ्याच्या भोकातून येतो की मध्येच कुठून निसटतो ते पाहावे. आवाजाचे म्हणाल तर एक मोठा पंखा सावकाश फिरवणे हे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा केव्हाही बरे. १२ व्होल्टचा पंखा सात-आठ व्होल्टवर चालवला आणि त्याच्या चार कोपऱ्यांत रबराचे बूच घातले, तर तो लागला आहे हे कळतही नाही.

डासांच्या जाळीचा आग्रह मी धरला त्यामागे डासांचा संबंध नाही. गोव्यातल्या घरात उबदार, अंधारी आणि कोरडी जागा तयार केली की पहिली भाडेकरू पाल असते, दुसऱ्या मुंग्या. माझ्या स्वतःच्या पेटीत एका पालीने वीजपुरवठ्याच्या दोन उघड्या टोकांवर पाय ठेवून स्वतःचा आणि ॲम्प्लिफायरचा एकाच वेळी शेवट केला. तेव्हापासून २३० व्होल्टचे प्रत्येक टोक झाकलेले आणि प्रत्येक भोकावर स्टेनलेस स्टीलची जाळी, हा माझा नियम आहे.

पेटी वापरात नसताना काय करावे, याचे उत्तर आपल्या आजीपणजीला ठाऊक होते. पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवण्याची पद्धत कोकणात आणि गोव्यात घरोघर होती. छायाचित्रकार आपली भिंगेही तशाच खोक्यात ठेवत. तो जुना तारेचा बल्ब नावाला झिरो असला तरी दहा-पंधरा वॅट खात असे आणि त्याची ऊबच कपाट कोरडे ठेवत असे. आज दुकानात त्याच नावाने मिळणारा एलईडी बल्ब अर्धा वॅट घेतो; त्याने प्रकाश पडतो, ऊब मिळत नाही, आणि तो लावून बुरशीची वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत. पेटीसाठी सोपा मार्ग असा की जून ते सप्टेंबर रोज तासभर ती चालू ठेवावी. मुलांना अभ्यासातून उठवण्याचे हे निमित्त मी देतो आहे, याची मला जाणीव आहे.

वातानुकूलित खोलीत पेटी ठेवणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. खोली २२-२३ अंशांपर्यंत गार केलेली असताना पावसाळ्यात खिडकी उघडली, तर बाहेरून येणाऱ्या हवेतले पाणी २५-२६ अंशांखालच्या प्रत्येक पृष्ठभागावर जमते, जसे थंड सोलकढीच्या पेल्यावर जमते. बंद पेटीतला गार पडलेला धातू त्यातून सुटत नाही. खेळ संपल्यावर आधी वातानुकूलन बंद करावे आणि पेटी तशीच अर्धा तास चालू ठेवावी.

आता लाकूडकामाकडे आणि शेवटच्या हाताकडे वळतो, कारण ओलीची अर्धी लढाई तिथे जिंकली किंवा हरली जाते. एमडीएफ गुळगुळीत असते, राउटर या सुतारी यंत्राने सुंदर कापले जाते आणि स्वस्त पडते. परंतु पाण्याचा एक थेंब कडेतून शिरला की ते पुन्हा पूर्ववत होत नाही. गोव्यात बांधायची पेटी आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाच्या मरीन प्लायवूडची असावी, किंवा खर्च कमी ठेवायचा तर आयएस ३०३ मधील बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या, प्रतीचे प्लायवूड वापरावे. 'वॉटरप्रूफ' या तोंडी शब्दावर विसंबू नये. भाच्याच्या दुसऱ्या पेटीसाठी एका दुकानदाराने असेच तोंडी वॉटरप्रूफ प्लाय दिले होते, त्याचे थर पहिल्याच पावसात सुटले. मी आता कापलेला तुकडा तीन तास पाण्यात उकळवून पाहतो. थर सुटले तर ते प्लाय देवघराच्या फळीलाही नको.

कापलेल्या प्रत्येक कडेला, म्हणजे जिथे प्लायचे थर दिसतात तिथे, आणि बटणांसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेलाही, सीलरचे दोन हात द्यावेत. बटणांची भोके २८ ते ३० मिलिमीटरची असतात आणि दोन खेळाडूंच्या फळीवर अशी वीसेक भोके सहज होतात. ती सगळी सील न करता ठेवणे म्हणजे फळीला वीस तोंडे उघडून देणे. हे काम कंटाळवाणे आहे आणि दिसत नाही, म्हणून ते हटकून टाळले जाते. पेटीचा तळ तर चारही बाजूंनी सील करावाच, शिवाय तिला दोन इंच उंचीचे रबरी किंवा नायलॉनचे पाय द्यावेत. जुन्या गोमंतकीय घरांतली शिसवी कपाटे पायांवर उभी असतात आणि भिंतीपासून सुटी असतात, ती काही केवळ ऐट म्हणून नव्हे. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते. पेटीची पाठ तिच्यापासून वीतभर दूर असावी, म्हणजे ओलही लागत नाही आणि बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जात नाही.

रंगकामाचा हंगाम दिवाळीनंतरचा. नव्वद टक्के आर्द्रतेत एनामल दिवसेंदिवस चिकट राहतो आणि लॅकर मारला तर त्यावर धुक्यासारखा पांढरा पापुद्रा येतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले पाणी ओल्या थरावर बसते. ज्यांना चवथीला पेटी दाखवायची असते ते जुलैत रंग लावतात आणि ऑगस्टमध्ये माझ्याकडे येतात. रंगाऐवजी सनमायका लावणार असाल तर एक उपयोगी योगायोग आहे. कडेला ठोकून बसवायची जी टी-पट्टी असते, जिचा काटा कडेत पाडलेल्या दीड मिलिमीटरच्या खाचेत रुतून बसतो, तिचे प्रचलित माप पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर आहे. आपल्याकडचे प्लाय १८ मिलिमीटरचे असते. त्यावर एक मिलिमीटरचा सनमायका चढला की पट्टी नेमकी बसते. पण सनमायका एकाच अंगाला लावून दुसरे अंग उघडे ठेवले, तर ओल एकाच बाजूने शिरते आणि फळी धनुष्यासारखी वाकते. म्हणून आतल्या अंगाला वॉर्निशचे तीन हात द्यावेत.

टी-पट्टी बसवताना बाहेरच्या वळणावर तिच्या काट्याला ठिकठिकाणी तिरक्या खाचा द्याव्या लागतात, आणि आवळ वळण असेल तर केस वाळवायच्या यंत्राने ती थोडी मऊ करून घ्यावी लागते. रबरी हातोडी नसेल तर जुन्या चपलेचा तळवा लाकडी हातोडीला बांधावा. आमच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, मला ही युक्ती दाखवली. जोड नेहमी तळाशी, नजरेआड घ्यावा.

मॉनिटरसमोरच्या काळसर ॲक्रिलिकविषयी दोनच गोष्टी सांगतो. ते मॉनिटरला चिकटवून बसवले तर मधली हवा कोंडून तापते, म्हणून वर आणि खाली बोटाच्या पेराएवढी फट ठेवावी. दुसरे म्हणजे ॲक्रिलिक उष्णतेने बरेच वाढते. साठ सेंटिमीटरची शीट पंधरा अंशांच्या फरकाने अर्ध्या मिलिमीटरहून अधिक लांबते, तेव्हा स्क्रूची भोके एक मिलिमीटर सैल असावीत, नाहीतर कोपरे तडकतात. स्पिरिटने किंवा थिनरने ते कधीही पुसू नये, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात.

बाजूच्या चित्रांसाठी व्हिनाइल छापून आणण्याची सर्रास प्रथा आहे आणि ते छान दिसते. ते गुळगुळीत सनमायकावर साबणाच्या पाण्याने सरकवत लावले तर बुडबुडे राहत नाहीत. कच्च्या प्लायवर लावले तर पहिल्या पावसात कोपऱ्यांतून उठते. भाच्याने मात्र तिसऱ्या पेटीच्या वेळी छपाईच्या दुकानाची वाट सोडली. आमच्याकडच्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यात तांबड्या मातीची कावी चित्रे असतात, तसल्या वेलबुट्ट्या त्याने पांढऱ्या पृष्ठभागावर गेरूच्या रंगाने काढल्या आणि वर मॅट वॉर्निश दिले. त्या वेलीत एके ठिकाणी पॅक-मॅनचे तोंड लपलेले आहे. मला सांगितले नसते तर ते मला दिसलेही नसते, आणि ही पेटी घरात उपरी वाटत नाही, याचे श्रेय मी त्या वेलीला देतो.

तारांच्या बाबतीत समुद्राकाठच्या गावांनी विशेष जपावे. बटणाखालच्या मायक्रोस्विचमधून अगदी थोडा प्रवाह जातो, त्यामुळे त्याच्या टोकांवर चढलेला गंज ठिणगीने जळून साफ होत नाही. खारी हवा असेल तर वर्षभरात बटण अधूनमधून दगा देऊ लागते. तारेची टोके कथलाचा मुलामा दिलेल्या थिंबलची, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपणांची, घ्यावीत आणि ती बसवल्यावर बाहेरून, मोटारीच्या बॅटरीला लावतात तसे, व्हॅसलीनचे बोट फिरवावे. स्क्रू स्टेनलेस किंवा पितळेचे असावेत. पेटीला स्वतंत्र फ्यूज, धातूच्या प्रत्येक भागाला अर्थिंग आणि ती ज्या सॉकेटवर चालते त्याला ३० मिलिअँपिअरचे, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे गळतीरोधक असावे. मुले पावसात भिजून येतात आणि ओल्या हातांनी थेट बटणांवर तुटून पडतात. कुणाला भंगारात जुनी पिक्चर ट्यूब मिळाली आणि तीच बसवायचा मोह झाला, तर त्याने जाणकाराला सोबत घेतल्याशिवाय मागचे झाकण उघडू नये. त्या ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही ते बराच काळ तिथे टिकू शकतात.

शिगम्याचे हलते चित्ररथ आणि नरकासुराचे फिरते हात तयार करणारी आपली मुले वायपरच्या मोटारी आणि भंगारातली चाके यांतून काय काय उभे करतात ते आपण दरवर्षी पाहतो. त्यांना कुणी लाकूड कापायला किंवा तार जोडायला शिकवण्याची गरज नाही. आपण आपल्या पुरवणीत दिवाळीच्या सुमारास या विषयाला पानभर जागा देऊन सुतार, रंगारी आणि वीजतंत्री यांना लिहिते केले, तर दरवर्षी चवथीनंतर माझ्या दारात होणारी गर्दी कमी होईल.

भाच्याची तिसरी पेटी मरीन प्लायची आहे, तिला एकच पंखा आहे आणि ४५ अंशांची चकती आहे. यंदा चवथीला ती त्यांच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीपासून दहा हातांवर ठेवली होती आणि पाहुण्यांची मुले पाच दिवस तिच्यापासून हलत नव्हती. बाहेर झड लागलेली होती. पाच दिवसांत पंखा एकदाच लागला, तोही तिसऱ्या रात्री, आरतीला सारा वाडा जमलेला असताना आणि पावसासाठी खिडक्या ओढून घेतलेल्या असताना. झांजांच्या आवाजात तो लागल्याचे कुणाला कळले नाही, भाच्याने तेवढे माझ्याकडे पाहिले.

आपला नम्र,
एक निवृत्त वीजतंत्री निदेशक
डिचोली, गोवा